ठणठणीत

किलोमीटरभर चालून ज्या कुत्र्याला धाप लागते, त्याच्यापासून पिल्लं घ्यायची नाहीत, असा कायदा येऊ घातला होता. तीस वर्षं घरच्या घरी हौसेनं चपट्या नाकाचे पग वाढवणारी यार्मिला आपल्या पेर्ला या कुत्रीला घेऊन प्रागच्या मोर्चात गेली. पुलापासून संसदेच्या दारापर्यंतचा रस्ता मंडळींनी मुद्दाम मोजून किलोमीटरभराचा ठेवला होता. प्रत्येकाच्या हातात एकच फलक: ‘आमची कुत्री ठणठणीत आहेत’.

दाराशी पोचताच तिची मैत्रीण व्हेंडुला ओरडली, “बघ गं, साठच्या साठ पोचली! एकाला तरी धाप लागलीय का? आता येऊ दे तो सरकारी डॉक्टर, त्यालाच पळवते!”

यार्मिलानं मान डोलावली. पुठ्ठ्याच्या फलकानं हात एवढा का भरून यावा, ते मात्र तिला कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्यानं, ओत्तोनं, पेपर तिच्यापुढे टाकला. “घे, पहिल्या पानावर झळकलात! तुझी पेर्ला तर काय, महाराणीच दिसतेय.”

यार्मिला फोटो बघत राहिली. सोफ्यावर पेर्ला नेहमीसारखी घरघरत झोपली होती. कपातल्या कॉफीवर साय धरली.

“काय गं, काय झालं?”

“काही नाही,” ती म्हणाली आणि पेपराची घडी घातली.



फोटोतली साठच्या साठ कुत्री कुणा ना कुणाच्या कडेवर होती.