बदल मागे घेत आहोत

‘अर्ध्या तासाचं काम आहे, काकू,’ असं दारात सांगून मी कॉम्प्युटर दुरुस्तीला बसलो, त्याला तास झाला. अपडेट पुन्हा ब्याण्णव टक्क्यांवर अडकलं. पडद्यावर ओळ आली: ‘बदल मागे घेत आहोत.’

मी वैतागून कपातला चहा संपवला. मशीन सुरू झालं, तेव्हा कप भरलेला होता. वाफाळता.

“काकू, परत चहा दिलात?”

“छे हो, मी कपडे वाळत घालतेय!”

पुढच्या खेपेला कॅबिनेट उघडताना मी काढून खिशात ठेवलेले चारही स्क्रू गायब झाले. ते कॅबिनेटला घट्ट बसले होते.

मीही हट्टाला पेटलो. परत ब्याण्णव. परत तीच ओळ.

दारावरची बेल वाजली.

“आलात? या,” काकू म्हणाल्या, “कॉम्प्युटर आतल्या खोलीत आहे.”

आणि दारातून माझा आवाज आला, “अर्ध्या तासाचं काम आहे, काकू.”