पडद्यावरची नर्मदा

गुरुदास दशावतारी नाटकात बाईची कामं करतो. धामापूरच्या जत्रेत नऊवारी नेसून तो राणी होतो आणि रडायला लागला, की पुढे बसलेल्या बायकाही डोळे पुसतात.

यंदा त्याच्या मुलानं, सुशांतनं, कॉलेजसाठी शॉर्ट फिल्म केली. समुद्रावरून न परतलेल्या नवऱ्याची वाट बघणारी बाई. ते काम सुशांतच्या आईनं, नर्मदानं केलं. देवळासमोर पडदा लावून फिल्म दाखवली. मग सुशांत माईक घेऊन लोकांत फिरला.

"काय आवडलं, काय खटकलं, मोकळेपणानं सांगा. अजून बदल करता येतील."

"गो नर्मदे, रडवलंस गो आमका!"

"गुरुदासाची राणी बघून पण इतक्या रडाक येणा नाय हां."

"आता जत्रेक हिकाच उभी करा. गुरुदासाक बसांदे घराक!"

सगळे हसले. नर्मदा लाजली. गुरुदासही हसला, पण जरा उशिरा. मग उठून त्यानं सुशांतच्या हातातला माईक घेतला, घसा साफ केला आणि जाणकाराच्या गंभीर आवाजात म्हणाला,

 

"फिल्म बरी आसा. पण आमची नर्मदा काय बाईमाणूस वाटणा नाय."