खोल बाजू

"उडी मारायची नाहीये. नुसतं शिडीवरून उतर," मिस हॉलग्रेन म्हणाल्या.

लुवेनिया प्रुइट शिडीच्या वरच्या पायरीवर उभी होती. समोर कॉलेजचा तरणतलाव, हिरवट आणि अगदी स्थिर. या टोकापासून त्या टोकाला जायचं, परत यायचं, मध्ये कशालाही धरायचं नाही. ओहायोतल्या त्या छोट्या कॉलेजात लॅटिन यायलाच हवं, रसायनशास्त्र यायलाच हवं आणि पोहताही यायलाच हवं. त्याशिवाय पदवी नाही. बाकी सगळ्यात ती वर्गात पहिली होती. पोहण्याच्या परीक्षेला मात्र दरवर्षी कधी तिचा कान दुखायचा, कधी ताप यायचा. आता टाळायला वर्षच उरलं नव्हतं. बाहेर हिरवळीवर उद्याच्या पदवीदानासाठी खुर्च्या मांडत होते, त्यांची खडखड आत ऐकू येत होती.

"बाई, उथळ बाजूलाच चार वेळा फिरून आले तर नाही का चालणार?"

"उथळ पाण्यात परीक्षा घेऊन मी काय करू, पोरी? महिनाभर तिथेच तर पोहतेयस." मिस हॉलग्रेननी भिंतीला टेकवलेला लांब बांबू उचलला. "मी काठाकाठानं चालतेय तुझ्याबरोबर. अगदीच जीव घाबरला तर हा धर. पण धरलास की संपलं."

लुवेनिया उतरली. गार पाणी पोटावरून छातीवर चढलं. तिनं भिंतीला लाथ मारली आणि हात मारायला सुरुवात केली.

सुरुवातीला तळ दिसत होता, तोवर ठीक होतं. मग तळाची फरशी उतरत गेली, गडद झाली आणि दिसेनाशी झाली. "खाली बघू नकोस!" बाई ओरडल्या. पण ती बघून बसली होती. पाय जड झाले, खालून कोणीतरी ओढतंय असं वाटायला लागलं. श्वास घ्यायला तोंड उघडलं तर पाणीच आत गेलं.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं.

"विनी!"

बसमधून उतरून थेट इकडेच आलेली तिची आई दारात उभी होती. डोक्यावर समारंभाची हॅट, हातांत पांढरे हातमोजे. तो आवाज लुवेनियानं आयुष्यात एकदाच ऐकला होता, अलाबामात, नदीच्या काठावर, धाकट्या भावाला, आमोसला, पाण्यातून बाहेर काढलं तेव्हा. गावात पोहण्याचा तलाव होता, पण गोऱ्यांचा. कोर्टानं तो सगळ्यांना उघडा करा म्हटलं, तर काळ्यांबरोबर पोहायला नको म्हणून त्यांनी तो मातीनं भरून टाकला. काळी पोरं नदीवरच जात राहिली. आमोस बुडालेला पहिला नव्हता, शेवटचाही नव्हता.

"अहो बाई, माझी पोर बुडतेय! डोळे फुटले का तुमचे?"

"बुडत नाहीये, मिसेस प्रुइट. पोहतेय ती."

"बुडणं म्हणजे काय ते मला शिकवू नका!"

आईनं बाईंच्या हातातला बांबू हिसकावून घेतला. पुढच्याच क्षणी त्याचं टोक लुवेनियाच्या नाकासमोर आलं.

"धर! विनी, तुला माझी शपथ आहे, धर!"

लुवेनियाचा हात पाण्याबाहेर आला. पदवी गेली खड्ड्यात. बोटं बांबूवर मिटणार, एवढ्यात तिला काठ दिसला. आई पार कडेला आली होती, पुढे वाकली होती, ओल्या फरशीवर तिच्या टाचा घसरत होत्या. बांबूला एक हिसका बसला असता, तर ती सरळ पाण्यात. आणि आईला पोहता येत नव्हतं.

"आई, मागे हो!"

बोलताना पुन्हा पाणी गिळलं गेलं. ती खोकली, ठसकली, आणि तिनं जिवाच्या आकांतानं पाय मारले. आई काही मागे झाली नाही. बांबू पोरीच्या डोक्यावर धरून ती काठानं तिच्याबरोबर सरकत राहिली, तोंडानं अखंड देवाचा धावा करत. मिस हॉलग्रेन मागून तिचा कोट घट्ट धरून होत्या. पलीकडची भिंत कधी आली, आपण कशा वळलो, लुवेनियाला काही कळलं नाही. हात शिडीवर आपटला तेव्हाच तिनं डोळे नीट उघडले.

वर येताच आईनं आधी तिच्या दंडावर सणसणीत चापट मारली. मग ओल्याचिंब पोरीला अशी मिठीत घेतली की नव्या कोटाचा पार चोळामोळा झाला.

"झालीस तू पास," मिस हॉलग्रेन हळूच म्हणाल्या.

"पास?" आईनं मान वर केली. "पोरी शिकायला येतात ना इथं? हा जीवघेणा नियम काढला तरी कुणी?"

"फार जुना आहे तो. पहिल्या प्राचार्यांचा मुलगा होता, लहानच. मागच्या तळ्यात बुडाला. मग त्यांच्या पत्नीनं हा तलाव बांधून घेतला. पोहता आल्याशिवाय इथून कोणीही बाहेर पडायचं नाही, असं ठरवून टाकलं."

आईनं वर पाहिलं. उंच छत, रांगेनं मोठाल्या खिडक्या, भिंतींवर खालपासून वरपर्यंत पांढऱ्या फरश्या. पाणी अजून हिंदकळत होतं.

"एक पोर गेलं म्हणून?" तिनं विचारलं.

मिस हॉलग्रेननी मान डोलावली.

"एकच?"