पॉन्टिअॅकची जाहिरात

दाराच्या खालच्या कडेला लोहचुंबक खाडकन चिकटलं आणि लायल हचिन्स चकित झाला. रंगाखाली गंज लपवणारा पुट्टीचा थर नव्हता, अस्सल पत्रा होता. एकोणसत्तर सालची गर्द हिरवी पॉन्टिअॅक, मिशिगनचे पन्नासच्या वर हिवाळे काढलेली, आणि गंजाचा एक ठिपका नाही.

गिऱ्हाइकांच्या वतीने अशा जुन्या दणकट गाड्या तपासून देणं हा लायलचा तीस वर्षांचा धंदा होता. विकणारे जाहिरातीत काय काय लिहितात ते त्याला पाठ होतं. ‘मूळ इंजिन’ म्हणजे दुसऱ्याच गाडीचं काढून बसवलेलं. ‘एकाच मालकाची’ म्हणजे विकणारा पाचवा. ‘आजी फक्त रविवारी चर्चला न्यायची’ म्हणजे पोरांनी शर्यतीत पिळून काढलेली.

“सापडलं का काही खोटं?”

गॅरेजच्या दारात मिस्टर पाव्लक काठीवर रेलून उभे होते. वय एक्क्याऐंशी, दाढी गुळगुळीत केलेली.

“अजून तरी नाही.”

“शोध की. त्याचेच तर पैसे घेतोस.”

“घेतो. आणि आजवर कुठून रिकाम्या हाताने परतलो नाही, मिस्टर पाव्लक.”

“मग आज परतशील,” म्हातारा म्हणाला.

लायलने इंजिनावरचं तेलकट किटण फडक्याने पुसलं, बॅटरीच्या उजेडात नंबर वाचला. गाडीच्या नंबराशी तंतोतंत जुळला. रंग कारखान्यातला. मैल खरे. पाव्लक त्याच कारखान्यात कामाला होते, गाडी त्यांनीच नवी कोरी घेतली होती आणि आजही कागदांवर त्यांचंच नाव होतं.

“मुलगा अठराचा झाला तेव्हा किल्ली त्याच्या हातात दिली,” ते म्हणाले. “डॅरिल. माझ्यापेक्षा चांगली ठेवली त्याने.”

जाहिरातीत शेवटी एक ओळ होती : ‘माझा दिवंगत मुलगा डॅरिल याची लाडकी गाडी.’ असल्या ओळींवर लायलचा विश्वास नसे. वाचणारा गहिवरला की भाव चढतो, हे त्याने खूपदा पाहिलं होतं. पण बाकी सगळं खरं निघाल्यावर त्याला स्वतःचीच लाज वाटली.

“केव्हा गेला डॅरिल?”

“अकरा वर्षं झाली. त्याची आई गेली, त्याच आठवड्यात. तिला पुरल्यावर दोन दिवसांनी.”

“अरेरे. हॉस्पिटलमध्ये?”

“नाही. इथेच.” त्यांनी काठीने घराकडे खूण केली. “पुढच्या दारात.”

लायलने टोपी काढली. “शेवटचं बोलणं तरी झालं का?”

“झालं. मीच बोललो, त्याने ऐकून घेतलं.” पाव्लक गाडीच्या टपावरून हात फिरवत राहिले. “तेवढंच आठवतं रोज.”

थोड्या वेळाने ते म्हणाले, “शुक्रवारी मला वृद्धाश्रमात नेतायत. तिथे गॅरेज नाही. तुझ्या गिऱ्हाइकाला एक सांग. घासाघीस करणार नाही, म्हणेल त्या भावाला देईन. पण त्याने स्वतः यायचं. ट्रक पाठवून न्यायची नाही. किल्ली मी हातात देणार.”

“का बरं?”

“कुणाकडे जाते ते बघायचंय मला.”

लायल आपल्या ट्रकमध्ये जाऊन बसला आणि त्याने अॅरिझोनाला फोन लावला. काम मिसेस क्विग्ली नावाच्या बाईंनी दिलं होतं, पण फोन त्यांच्या नवऱ्याने उचलला.

“साहेब, तीस वर्षांत पहिल्यांदा सांगतोय. जाहिरातीतला शब्द न् शब्द खरा आहे. डोळे मिटून घ्या.”

“म्हातारा कसा आहे?”

“माणूस सरळ वाटला.”

“तसं नाही. तब्येत कशी आहे? चालतो का नीट?”

गिऱ्हाइकं असं कधी विचारत नाहीत. “काठी घेऊन चालतात,” लायल म्हणाला. “एकटेच असतात. खचलेत हो. एकुलता एक मुलगा गेला. त्याच्याबद्दल बोलताना गाडीवरचा हात काढत नव्हते.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“हॅलो?”

“ऐकतोय.”

लायलने म्हाताऱ्याची अट सांगितली. “तुम्हालाच यावं लागेल, शुक्रवारच्या आत. जमेल?”

“मागच्या वेळी मला दोन दिवस उशीर झाला होता,” तो माणूस म्हणाला. “या वेळी आज रात्रीचंच विमान धरतो.”

मागे एखादी चांगली गाडी हुकली असेल बिचाऱ्याची, असं लायलला वाटलं. त्याने मांडीवर कागद घेतला, पेन उघडलं.

“मग खरेदीचे कागद तयार ठेवायला सांगतो. नाव मिस्टर क्विग्लीच ना?”

“क्विग्ली बायकोचं माहेरचं नाव. माझं लिहून घ्या. डॅरिल पाव्लक.”