न जोडलेलं स्टिअरिंग

कोल्हापूरच्या मोटारप्रेमी मंडळात नव्या गाडीबद्दल श्रीपतराव इंगवल्यांचं मत अखेरचं मानलं जाई. स्टिअरिंग नसलेली गाडी बाजारात आली, तेव्हा ते पत्नीसह ती बघायला गेले. सुमतीबाईंचे गुडघे दुखत, त्यांना चढायला सोपी गाडी हवी होती.

"स्टिअरिंग नाही ती गाडी नव्हे, पाळणा," श्रीपतराव विक्रेतीला म्हणाले. "गेल्या वर्षी आंबा घाटात ट्रक अंगावर आला होता. मी गाडी डावीकडे ओढली, म्हणून आम्ही दोघं जिवंत आहोत."

विक्रेतीने त्यांच्या गाडीचा नंबर संगणकावर टाकून माहिती पाहिली आणि ती घुटमळली.

"काका, तुमच्या गाडीतलं स्टिअरिंग चाकांना जोडलेलंच नाही. ती पहिल्यापासून स्वतःच चालते. लोकांच्या हातांना सवय असते, म्हणून कंपनीने ते नुसतं बसवलंय. माहितीपत्रकात शेवटच्या पानावर लिहिलंय तसं."

परतताना रंकाळ्याच्या वळणावर श्रीपतरावांनी स्टिअरिंग मुद्दाम उलट फिरवलं. गाडी शांतपणे घराच्या दिशेनेच वळली.

"मग त्या दिवशी मी नक्की केलं काय?" त्यांनी विचारलं.

सुमतीबाईंना प्रश्नच कळेना. "अहो, तुमचे हात स्टिअरिंगवर होतेच कुठे? ट्रक दिसल्याबरोबर दोन्ही हातांनी तुम्ही मला कवटाळलं होतं. मला वाटलं, तुम्हाला आठवत असेल."

श्रीपतराव आपल्या हातांकडे बघत राहिले.