पुनमचं पहिलं रेकॉर्डिंग

लातुरात शिकवण्या वाढल्या तसं रेणुकादासांचं कॅसेटचं दुकान इअरफोन आणि मोबाईल कव्हरवर आलं. दारातला फळा तेवढा राहिला. आज कोणत्या गायिकेचा जन्म, आज कोणती रेकॉर्ड बाजारात आली, हे ते रोज सकाळी खडूनं लिहीत आणि क्लासला निघालेली पोरं त्याचा फोटो काढून स्टेटसला ठेवत.

त्या दिवशी फळ्यावर एकच ओळ होती : ‘३० सप्टेंबर १९९३. पुनम, वय सात. पहिलं रेकॉर्डिंग.’

मुखेडहून नीटच्या क्लासला आलेल्या वैष्णवीनं सगळं इंटरनेट पालथं घातलं.

“काका, ही पुनम कुठंच सापडंना. गाणं हाय का तुमच्याकडं?”

रेणुकादासांनी खणातून एक जुनी कॅसेट काढली, उलटी करून टेपमध्ये घातली आणि बटण दाबलं. वैष्णवी कान लावून उभी राहिली. बराच वेळ नुसती खरखर.

“काका, ह्यात तर काहीच भरलेलं न्हाई.”

“न्हाईच भरलेलं, माय,” टेपवरची नजर न काढता ते म्हणाले. “भूकंपाच्या आदल्या दिवशी किल्लारीकडचे एक पाव्हणे ही कॅसेट भरायला टाकून गेले.



“म्हणाले, एका बाजूला गाणी भरा, दुसरी कोरी ठेवा. तिच्यावर आमची पुनम गाणार हाय. उद्या न्यायला येतो.”