हिरवी चकती

प्रियदर्शनीने हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "हा कानात टोचून राहिला, काका."

नारायण पेठेतल्या त्या खोलीत असं कोणी बोलत नसे. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहाला दीनानाथ मेहेंदळ्यांकडे मंडळी जमत, हेडफोन ऐकत आणि दीनानाथ काय म्हणतात याची वाट बघत. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला माणूस. त्यांनी नापास केलेला हेडफोन या मंडळींपैकी कोणी घ्यायची सोय नव्हती, आणि पास केलेलाही ते स्क्रू ड्रायव्हर लावल्याशिवाय सोडत नसत.

"आपण कुठल्या?" दीनानाथांनी विचारलं.

"अमरावतीची. इथे कर्वेनगरला राहते."

"म्हणजे रोज हिंजवडीपर्यंत बस. हॉर्न ऐकून ऐकून कान हळवे झाले असतील. होतं असं."

तिला आपल्या ऑफिसातून घेऊन आलेला तेजस खाली फरशीकडे बघत राहिला.

तिने ऐकलेला हेडफोन सध्या दर दुसऱ्या पोराच्या गळ्यात दिसतो तोच, काळा. त्याच्या आतल्या छोट्या स्पीकरवर फेल्टची एक चकती चिकटवलेली असते. तिच्यामुळे वरच्या पट्टीचे आवाज कोंडतात असं दीनानाथांचं मत, म्हणून त्यांनी ती खरवडून काढली होती. आज दुपारी ही कृती फोटोंसकट त्यांच्या फोरमवर जायची होती. दिल्लीपासून चेन्नईपर्यंतची आठशे माणसं ती वाचून आपापले हेडफोन उघडून बसली असती. चकती एकदा निघाली की फाटतेच, परत बसत नाही.

"तेजस, दिवाळीत तुमचा मीच केला. टोचतो?"

"नाही काका. एकदम क्लिअर."

"संतोषराव?"

संतोष इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचा. तो म्हणाला, "मस्त चाललाय."

"ऐकलंत?" दीनानाथ प्रियदर्शनीला म्हणाले.

"मग तेजसचाच द्या ना, ऐकते." तेजस काही बोलायच्या आत तिने तो त्याच्या बॅगेवरून उचलून कानाला लावला. मिनिटभर ऐकलं. "हा नाही टोचत. हा छान आहे."

"अहो बाई, दोन्ही एकच आहेत. एकाच हातचे." दीनानाथांनी तिच्याकडून तो घेतला आणि स्वतः ऐकला. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "कोंडलाय," ते म्हणाले आणि त्यांनी स्क्रू ड्रायव्हर घेतला.

"राहू द्या ना काका," तेजस म्हणाला.

कानावरची गादी निघाली. आत हिरव्या फेल्टची चकती होती. कात्रीनं गोल कापून चिकटपट्टीनं व्यवस्थित बसवलेली. दीनानाथांनी संतोषपुढे हात केला. संतोषने पिशवीतून आपला हेडफोन काढून दिला. त्यातही हिरवी चकती. एकाच तुकड्यातली.

"केव्हापासून चाललंय हे?"

"गणपतीपासून," संतोष म्हणाला. "त्याच्या आधीचे तुमचे सगळे अजून तसेच वापरतो आम्ही, काका. खरंच सांगतो."

"मग तोंडानं सांगायला काय झालं होतं?"

दीनानाथांना राग आला होता, आणि रागाहून जास्त लाज वाटत होती. आठ महिने ही मुलं जिना उतरेपर्यंत "वा, काका" करत होती आणि घरी जाऊन कात्री घेऊन बसत होती.

उल्का, त्यांची बायको, कधीची स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"तुला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"यांच्या कात्रीचं नव्हतं माहीत," ती म्हणाली. "पण दाराची बेल मी उगीच नाही बदलली. चिमणीची होती, बारीक किनऱ्या आवाजाची. दूधवाला वाजवून वाजवून परत जायचा आणि तुम्ही तिथेच पेपर वाचत बसलेले असायचात."

"बिघडली म्हणालीस."

"म्हणाले."

दीनानाथ उठून कॉम्प्युटरपाशी गेले. तयार ठेवलेली कृती आणि अकरा फोटो, सगळं पुसून टाकलं. मग दोन बोटांनी सावकाश टाइप करून त्यांनी वाचून दाखवलं. "या हेडफोनमध्ये काहीही बदलू नये. गणपतीपासूनचे माझे सर्व निकाल रद्द समजावेत. दोष हेडफोनचा नव्हता."

"काका, एवढं कशाला?" तेजस म्हणाला. "नुसतं चकती काढू नका म्हटलं तरी चालेल की."

"तुमच्याकडे हिरवं फेल्ट होतं. त्या आठशे लोकांनी काय करायचं?"

त्यांनी बटण दाबलं. फोरमवर मजकूर गेला. तेजसने डोळे पुसले, तर दीनानाथ त्याला म्हणाले, "आता आपण रडू नका, मला अजून दिसतं."

मग त्यांनी टेबलावरच्या गाणी वाजवायच्या यंत्राला दोन हेडफोन जोडले. तेजसचा गादी परत बसवून प्रियदर्शनीला दिला, आपण चकती काढलेला स्वतःच्या कानावर चढवला आणि एका जुन्या मैफलीतलं भजन लावलं.

"यात झांजा आहेत," ते म्हणाले. "होत्या तरी. आल्या की हात वर करा."

टाळ्या संपून भजन सुरू झालं. पहिलं कडवं झालं आणि प्रियदर्शनीचा हात वर गेला. दीनानाथांना नुसता मृदंगच ऐकू येत होता; त्यांनी त्या हाताकडे बघत मान डोलावली.